बेडूकडोहाच्या काठी

मेणवलीच्या घाटावर लँडस्केपला बसलेल्या मुलांच्या पाठीमागे तुम्ही कधीतरी घुटमळला असाल. समोर कृष्णा एकच, घाट एकच, आणि चौघांच्या कागदांवर चार वेगळ्या नद्या. खरी कोणाची, असं तेव्हा मनात आलंच असेल. तोच प्रश्न घेऊन आज जरा लांब चला. साल 1869, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, आणि पॅरिसहून निघालेली गाडी.

शातूला उतरून सीन नदीच्या कडेकडेने चालायला लागा. आधी कानावर गलका येतो: पाण्यात उड्या मारल्याचे धप्प आवाज, आरोळ्या, होडीवर होडी आपटल्याची ठकठक. मग झाडीतून दिसतं काठाला बांधलेलं तरंगतं उपाहारगृह. त्याच्या पुढ्यात, पाण्यातच, एक चिमुकलं गोल बेट आणि त्यावर एकच झाड. चीजच्या चपट्या वडीसारखं दिसतं, म्हणून लोक त्याला ‘कामाँबेर’ म्हणतात. जागेचं नाव ला ग्रनुयेर, म्हणजे बेडकांचा डोह.

गर्दीत शिरू नका. काठावर दोन ईझल शेजारी शेजारी उभी आहेत, तिकडे चला. चित्रकार दोघंही अठ्ठावीस वर्षांचे. हा दाढीवाला क्लोद मोने, त्याच्या पलीकडचा हडकुळा तो ओग्युस्त रन्वार. आधी मोनेच्या मागे उभे राहा.

त्याच्या हातातला ब्रश पाहा, चपटा आहे. पत्र्याच्या पट्टीने केस दाबून बसवता येऊ लागले, तेव्हा कुठे असे ब्रश मिळायला लागले. पायाशी पडलेल्या कथलाच्या ट्यूबही तशा अलीकडच्याच. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचे. तसली पुरचुंडी घेऊन नदीकाठी दिवस काढणं किती जिकिरीचं झालं असतं!

मोने ब्रश भरून घेतो आणि कॅनव्हासवर आडवा ओढतो. एक फटकारा गडद. त्याला लागून दुसरा, आभाळाच्या फिक्या निळ्याचा. तिसरा पिवळसर. रंग घोटणं नाही, कडा पुसणं नाही, जिथे ब्रश उचलला तिथे रंगाचा कंगोरा तसाच उभा. जवळून नुसत्या पट्ट्या दिसतात. आता पाच पावलं मागे सरका आणि डोळे बारीक करा. पाणी हललं ना? पायाखालची फळी डुलल्यासारखी वाटते. काठाला बांधलेल्या होड्यांना त्याने पुढची सगळी जागा दिली आहे. बेटावरच्या माणसांना मात्र एकेका फटकाऱ्यात उरकलंय. काळा उभा म्हणजे कोट, फिका म्हणजे झगा. नाक-डोळे कुणालाच नाहीत.

आता रन्वारकडे वळा. बेट तेच, झाड तेच, पण सगळं एकदम जवळ आलेलं, आणि माणसं मोठी झालेली. त्याचे स्ट्रोक छोटे, मऊ, पिसासारखे. बापाचा धंदा शिंप्याचा. पोरगा तेराव्या वर्षी चिनी मातीची भांडी रंगवायला लागलेला. झग्याचा घोळ कमरेखाली कसा फुलतो, हे या हाताला सांगावं लागत नाही. मोने ल आव्रच्या बंदरात, समुद्र बघत वाढलेला. दोघांनी आपापलं बालपण इथे सोबत आणलंय, असं मला ही चित्रं पाहताना दर वेळी वाटतं. पाणी दोघांनीही रंगवलंय, पण रन्वारचं पाणी माणसांच्या भोवती आहे आणि मोनेची माणसं पाण्याच्या कडेला.

दुपारी रन्वार पिशवीतून पाव काढतो. आईवडिलांच्या घरून आणलेला आहे. मोने मान खाली घालून घेतो. जवळच त्याची खोली, तिथे त्याची सोबतीण कामीय आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा ज्याँ. ऑगस्टमध्ये आठ दिवस त्या घरात ना पाव होता, ना चूल, ना दिवा. तसं त्याने आपला मित्र बाझीयला कळवलं होतं. यंदाच्या सालोंनेही, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनानेही, त्याचं काम नाकारलंय. रंग संपत आलेत.

25 सप्टेंबरला तो बाझीयलाच पुन्हा लिहील: या जागेचं एक चित्र मनात आहे, त्यासाठी काही कच्ची, वाईट चित्रं केलीत, पण ते सगळं स्वप्नच. पत्र वाचणारा बाझीय पुढच्या वर्षी 28 नोव्हेंबरला लढाईत मारला जाईल. मोनेच्या इथल्या चित्रांपैकी एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये लागेल, एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत. रन्वारचं स्टॉकहोमला. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि सांगता येत नाही. घशाशी आलेलं गिळून तुम्ही नुसते उभे राहता.

उन्हं कलतात. मोने पांढऱ्या रंगाची ट्यूब तळापासून गुंडाळत आणतो आणि अंगठ्याने दाबतो. हरभऱ्याएवढा गोळा बाहेर येतो. तो हात रोखून धरतो, पाण्याकडे बराच वेळ बघत राहतो, आणि मग सगळा रंग एकाच ठिकाणी, एका आडव्या फटकाऱ्यात लावून टाकतो. पलीकडे रन्वारने उरलेला पाव रुमालात बांधलाय. काही न बोलता तो मोनेच्या रंगपेटीवर ठेवतो आणि आपलं ईझल आवरायला लागतो.