गोवा जनमत कौल, १९६७

गोवा जनमत कौल म्हणजे गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, हे ठरवण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी घेण्यात आलेले मतदान होय. यात मतदारांनी विलीनीकरण नाकारले. जुनागढ (१९४८) व सिक्कीम (१९७५) येथील सार्वमतांमध्ये भारतात सामील होण्याचा प्रश्न होता. गोव्यात मात्र भारतांतर्गत राज्यरचनेचा प्रश्न थेट जनतेपुढे ठेवला गेला.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आल्यावर गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश बनला. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या विधानसभा निवडणुकीनंतर विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष प्रमुख विरोधी पक्ष ठरला.

१९६५ मध्ये गोवा व महाराष्ट्र या दोन्ही विधानसभांनी विलीनीकरणाच्या बाजूने ठराव संमत केले. एवढा मोठा निर्णय केवळ आमदारांच्या बहुमताने होऊ नये, तो जनतेने घ्यावा, अशी विरोधकांची मागणी होती. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे यासाठी बांदोडकर मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली.

दोन्ही बाजूंची भूमिका

विलीनीकरणवाद्यांच्या मते कोकणी ही मराठीची बोली होती आणि गोमंतकीयांची शिक्षण, कीर्तन व नाटकाची भाषा मराठीच होती. भाटकार व उच्चवर्णीयांच्या वर्चस्वातून सुटका होईल, या आशेने बहुजन समाजातील मोठा वर्ग त्यांच्या मागे उभा राहिला.

विरोधकांनी कोकणीला स्वतंत्र भाषा मानले. गोवा हा मोठ्या राज्यातील एक छोटा जिल्हा होऊन बसेल, नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील आणि दारूबंदीमुळे माड-काजूवर जगणाऱ्यांचा व्यवसाय बुडेल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. या बाजूचे एक प्रभावी मुखपत्र मराठीतच निघत असे. चंद्रकांत केणी संपादक असलेल्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विशेष गाजले. उल्हास बुयांव यांच्या कोकणी गीतांनीही प्रचारात मोठी भूमिका बजावली.

मतदान व निकाल

विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता.

• एकूण मतदार : ३,८८,४३२
• झालेले मतदान : ३,१७,६३३
• दोन पाने : १,७२,१९१
• फूल : १,३८,१७०
• बाद मते : ७,२७२

विलीनीकरणाचा प्रस्ताव ३४,०२१ मतांनी फेटाळला गेला. सासष्टी, तिसवाडी व मुरगाव या तालुक्यांत विरोध प्रबळ होता, तर पेडणे, डिचोली व सत्तरी येथे पाठिंबा अधिक होता. हा कौल बहुधा हिंदू विरुद्ध ख्रिश्चन असा मांडला जातो. परंतु गोव्यात हिंदू बहुसंख्य असल्याने त्यांच्यातील एका गटाच्या मतांशिवाय हा निकाल शक्य नव्हता. दमण व दीवच्या मतदारांनीही त्याच वेळी गुजरातमधील विलीनीकरण नाकारले.

परिणाम

कौलानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगो पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि एप्रिल १९६७ मध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नाकारणे म्हणजे मगो पक्षाला नाकारणे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले. १९६३ च्या निवडणुकीतील विजयालाच विलीनीकरणाचा जनादेश मानले असते, तर निर्णय वेगळा झाला असता.

भाषेचा वाद मात्र कौलाने मिटला नाही. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद करण्यात आली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो.