बीदरचा मनोरा आणि आपला मनोरा

बीदर म्हटले की गोमंतकीयांना ते दूरचे गाव वाटते. पण १४७२ साली विजयनगरकडून गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडणारा वजीर महमूद गवान बीदरचाच. त्याच वर्षी तिथे त्याचा तिमजली मदरसा उभा राहिला. गवान मूळचा इराणातल्या गिलानचा, म्हणून बांधणी इराणी, अंगावर रंगीत फरशा. दर्शनी बाजूच्या दोन मनोऱ्यांपैकी आज एकच उरला आहे, उंची सुमारे १३१ फूट.

जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा सुमारे १५० फुटांचा. चर्चचे काम १६०२ साली पूर्ण झाले. हा चिऱ्यांचा, घंटेसाठी बांधलेला.

पोलादी सांगाडा दोन्हीकडे नव्हता. सगळा भार जाड भिंतींनीच पेलायचा. तरी हे मनोरे शतकानुशतके टिकले. मग पडझड का झाली?

बीदरला औरंगजेबाच्या काळात शाळेतच दारूगोळा ठेवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट झाला. गोव्यात १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला. १८४२ साली चर्चचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. घंटा मात्र वाचली, ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

म्हणजे दोष बांधणाऱ्या गवंड्यांचा नव्हता. वास्तू ज्या कामासाठी उभारली ते काम थांबले आणि तिची काळजी घेणारे कोणी राहिले नाही. आज नव्या टॉवरचे मजले मोजताना आपण हे विचारतो का?