कर्करोग-उपचार आणि उत्क्रांती

डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड एकाच रुग्णाच्या शरीरातही चालते. गाठीतील पेशी विभागताना त्यांच्या जनुकांत बदल होतात. औषध संवेदनक्षम पेशी मारते, तगलेल्या प्रतिरोधक पेशी वाढतात आणि रोग उलटतो. पीटर नोवेल यांनी 1976 मध्ये कर्करोगाची ही उत्क्रांती मांडली.

पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग-संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या कार-टी उपचाराचा पहिला प्रयोग जून 2021 मध्ये येथेच झाला. त्यातून घडलेल्या ‘नेक्सकार-19’ या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींना कर्करोग झालेल्या बी-पेशींवरील सीडी-19 हे प्रथिन ओळखायला शिकवून त्या परत शरीरात सोडतात. हे यश मोठेच. पण निवडीचा नियम येथेही सुटत नाही. सीडी-19 गमावलेली कर्करोगपेशी टी-पेशींना दिसत नाही, आणि काही रुग्णांत तिचीच संतती रोग परत आणते. म्हणून एकाच वेळी दोन प्रथिनांवर नेम धरणाऱ्या पेशींवर जगभर संशोधन चालू आहे.

क्षयरोगातील बहुऔषधी उपचारामागेही हेच गणित आहे. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू सुमारे दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. दोन्हींना पुरून उरणारा जंतू आपोआप निपजणे जवळजवळ अशक्य. अर्धवट सोडलेला औषधोपचार मात्र प्रतिरोधक जंतूंना वाट मोकळी करून देतो.