लोणारी कोळसा आणि वायूंचें पृष्ठशोषण

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यांत कातकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या लोणारी कोळसा पाडला. भट्टींतून काढलेला ताजा कोळसा लागलीच ढिगानें रचला, तर कित्येकदां तो ठिणगीवांचून पेट घेतो. म्हणून आधीं तो मोकळ्या हवेंत पसरून ठेवावा लागतो. या साध्या खबरदारीमागील कोडें सोडविण्यांत युरोप-अमेरिकेंतील विद्वानांचीं जवळजवळ दीडशें वर्षें खर्ची पडलीं.

इ. स. १७७७ मध्यें इटलीच्या फॉन्तानानें निखारा पाऱ्यांत विझवून वायूनें भरलेल्या नळींत सोडला, तों वायु दिसेनासा झाला! पुढें १८१४ च्या सुमारास जिनीव्हाच्या द सोस्यूरनें मापें घेतलीं. एक माप कोळशानें अमोनियाचीं ९० मापें गिळलीं, कार्बन डायऑक्साइडचीं ३५, प्राणवायूचीं सुमारें ९. हायड्रोजनचीं मात्र पुरतीं २ सुद्धां नाहींत. वायु शोषतांना कोळसा तापतो, हेंहि त्यानें टिपलें, आणि खरें मर्म तेथेंच होतें.

मोकाट धांवणारे वायूचे कण पृष्ठभागावर खिळले, कीं त्यांचें स्वातंत्र्य हिरावलें जातें. उष्मागतिशास्त्राच्या दुसऱ्या नियमाप्रमाणें ही हानि आपोआप घडावयाची, तर तिची भरपाई झालीच पाहिजे. ती बाहेर पडणाऱ्या उष्णतेनें होते. कोळसा तापविला, कीं ते वायु पुन्हा सुटतात तेंहि यामुळेंच. ढिगांत मात्र ही उष्णता कोंडते, प्राणवायूचा कर्बाशीं संयोग सुरू होतो आणि ढीग धुमसूं लागतो.

२२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडण्यांत आला, तेव्हां हा प्रश्न हजारों सैनिकांच्या प्राणांशीं येऊन भिडला. त्याच वर्षीं रशियाच्या झेलिन्स्कीनें कोळशाचा मुखवटा सिद्ध केला.

अमेरिकेच्या लँगम्यूरनें १९१६ ते १९१८ या काळांत उपपत्ति मांडली: पृष्ठभागावर ठराविक जागा असतात, एका जागीं एकच कण बसतो, जत्रेंतील धर्मशाळा भरली, कीं बाहेर गर्दी कितीहि वाढो, आंत रीघ नाहीं. उत्प्रेरकाचें यश याच जागांवर अवलंबून असतें. वायु सैल बसला तर क्रियेपूर्वींच निसटतो. घट्ट बसला तर जागा अडवितो. थंड प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड असेंच ठाण मांडतो आणि प्राणवायूला थारा देत नाहीं. पकड मध्यम हवी, हा विचार फ्रान्सच्या साबात्येचा. लँगम्यूरला १९३२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. १९५० मध्यें पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली आणि पुढें तेथें झिओलाइट जातीच्या सच्छिद्र उत्प्रेरकांवर काम झालें.