पाचनरोधक प्रथिने, वनस्पतींतील

वनस्पतींच्या बिया, कंद व पाने यांत आढळणारी आणि त्यांवर जगणाऱ्या कीटकांच्या आतड्यातील प्रथिन-विघटक एंझाइमांचे (जैव विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे) कार्य रोखणारी प्रथिने. ती ट्रिप्सिनासारख्या एंझाइमाच्या क्रियाशील जागेत अन्नाप्रमाणे शिरतात, पण सहजी तुटत नाहीत. एंझाइम तेथेच अडकून पडते. पोट भरलेले असूनही अळीला अमिनो अम्ले मिळत नाहीत. उलट जादा एंझाइमे स्रवण्यात जवळची अमिनो अम्लेही खर्ची पडून तिची वाढ खुंटते.

या प्रथिनांचा माग प्रथम लागला तो आहारशास्त्रात. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, शिजविलेल्यावर होते, असे ऑस्बर्न व मेंडेल यांना १९१७ मध्ये आढळले. कूनिट्स यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधील ट्रिप्सीन-निरोधक स्फटिकरूपात मिळविला. तथापि ही केवळ साठवणीची प्रथिने नसून संरक्षणाची साधने आहेत, हे खऱ्या अर्थाने पटले ते १९७२ मध्ये. ग्रीन व रायन यांनी दाखविले की, भुंगेऱ्याने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान कुरतडले, तरी त्याच झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही निरोधक साठू लागतो. १९८७ मध्ये हिल्डर व सहकाऱ्यांनी चवळीतील अशा प्रथिनाचे जनुक तंबाखूत घालून अळीला अटकाव केला आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या.

त्या आशांची कसोटी महाराष्ट्राच्या परिचयाच्या एका अळीवर लागली. वरणगाव-भुसावळकडील तापीखोऱ्यात कापसावर जिला हिरवी बोंडअळी म्हणतात, तीच (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) तुरीच्या शेंगा पोखरते आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून ओळखली जाते. हरभऱ्यात निरोधक असूनही ती घाटे फस्त कसे करते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आदींनी १९९८ मध्ये याचे उत्तर दिले : अळीच्या आतड्यातील काही एंझाइमे हरभऱ्याच्या निरोधकालाच पचवून टाकतात. संरक्षणाचे शस्त्र अशा रीतीने शत्रूचे अन्न ठरते. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील यॉंग्समा व सहकाऱ्यांनीही दुसऱ्या एका अळीत निरोधकाला न जुमानणारी एंझाइमे वाढत असल्याचे दाखविले होते.

यावरून पुण्याच्या गटाने अळीच्या नेहमीच्या खाद्यात नसलेल्या वनस्पतींकडे मोर्चा वळविला. भुईमूग, चौधारी घेवडा व बटाटा यांतील निरोधकांनी तिची पाचक एंझाइमे अधिक प्रभावीपणे रोखली. मात्र एकच निरोधक पुरत नाही, एकामागून एक वेगवेगळे वापरावे लागतात, असे त्यांच्या १९९९ च्या निबंधात दिसून आले. अनेक पिकांवर जगणाऱ्या या अळीजवळ एंझाइमांचे बरेच प्रकार असतात, हे त्याचे कारण होय.

भारतात २००२ मध्ये लागवडीस परवानगी मिळालेल्या बीटी कापसातील प्रथिन याहून निराळे आहे. ते जीवाणूपासून मिळते व पचनक्रिया न रोखता अळीच्या आतड्याच्या भित्तीलाच छिद्रे पाडते. चीनमध्ये मात्र त्याच्या जोडीला चवळीतील निरोधकाचे जनुक घातलेले कापसाचे वाण लागवडीस आले.