निगेटिव्ह स्कॅनरची विभेदनक्षमता

फिल्मवरचे बारीक तपशील स्कॅनरला किती सुटे टिपता येतात, त्याचे माप. ते इंचामागे किती बिंदू, म्हणजे डीपीआयमध्ये सांगतात. खोक्यावरचा आकडा संवेदक एका इंचातून किती नमुने उचलतो एवढेच सांगतो. खरे माप ‘यूएसएएफ 1951’ ही रेघांची चाचणीपट्टी स्कॅन करून, कुठपर्यंत रेघा वेगळ्या दिसतात त्यावरून काढतात.

दोन्हींतील तफावत मोठी असते. एप्सन व्ही 700 या फ्लॅटबेडचा जाहीर आकडा 6400. चाचणीत सुमारे 2300 मिळतात. त्याचे भिंग रुंद काच एकदम पाहते, फोकस स्थिर असतो आणि फिल्मपट्टी जराशी वाकली तरी चित्र मऊ पडते. निकॉन सुपर कूलस्कॅन 5000 हा खास 35 मिमी फिल्मसाठीचा. फोकस स्वतः साधतो आणि जाहीर 4000 पैकी सुमारे 3900 देतो. मात्र फिल्म स्कॅनर म्हटला की आकडा खराच, असे नाही : प्लस्टेक 8200 मालिकेचे 7200 चाचणीत सव्वातीन हजारांच्या आसपास येतात.

म्हणून आधी निगेटिव्हचा आकार पाहावा. 35 मिमीच्या 24×36 मिमी चौकटीतून 2300 ला सुमारे 70 लाख बिंदू मिळतात, 3900 ला 2 कोटींवर. उलट 120 रोलच्या 6×6 सेंमी चौकटीतून 2300 लाच अडीच कोटी. मुंबईतल्या गिरगाव-दादरच्या घरांतले आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले फोटो याच आकाराचे. त्या कॅमेऱ्याचे साधे भिंग पाहता फ्लॅटबेड पुरेसा होतो. काचेच्या मोठ्या प्लेटा तर कूलस्कॅन 5000 मध्ये जातच नाहीत.

परळ-लालबागची गोष्ट वेगळी. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे 35 मिमीवरचे फोटो फ्लॅटबेडवर उरकणे हे नुकसानच आहे. मोर्चातल्या मागच्या रांगेतले चेहरे आणि फलकांवरची बारीक अक्षरे तिथेच हरवतात, आणि संपातल्या कित्येक गिरण्या आता उभ्याही नाहीत.

मुंबईच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी धरते, तरी धूळ-ओरखडे पुसणारी ‘डिजिटल आइस’ ही अवरक्त सोय पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवावी. त्यातली चांदी अवरक्त किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच डाग समजते.