हिमयुग उन्हाळ्यात ठरतं!
हिमयुग कशामुळे येतं? तुम्ही म्हणाल, कडाक्याच्या थंडीमुळे. सर्बियन गणितज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांचं उत्तर वेगळं होतं: उत्तरेकडचा उन्हाळा सौम्य झाला, की हिवाळ्यातला बर्फ पुरता वितळत नाही आणि वर्षानुवर्षं साठत जातो. उन्हाळा सौम्य का होतो? पृथ्वीच्या कक्षेचा आकार साधारण १,००,००० वर्षांच्या, आसाचा कल ४१,००० वर्षांच्या, तर उन्हाळ्यातलं सूर्यापासूनचं अंतर २३,००० वर्षांच्या चक्रात बदलतं. पहिल्या महायुद्धात बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असतानाही त्यांची ही आकडेमोड चालूच होती, तीही हातानं! अनेकांना ती पटली नाही. १९५८ मध्ये ते गेले. १९७६ मध्ये हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात नेमकी हीच चक्रं सापडली. गणित बरोबरच होतं. पुरावा १८ वर्षं उशिरा आला.